दोन उतारांवरची चीदेम

दुसऱ्यांदा पुलाव वाढून घेताना पाहुण्याने सहज विचारलं, "ओसरीवरच्या माझ्या कागदी पिशव्या कुणी हलवल्या का?"

पुलावाने भरलेला माझा डाव हवेतच राहिला.

आमच्या अनातोलियात बर्फ वितळलं की माळावर चीदेमची पिवळी फुलं येतात. तिचे कंद उकरायचे, घरोघरून दलिया आणि लोणी गोळा करायचं, आणि साऱ्या गावाने मिळून त्या कंदांचा पुलाव खायचा. ओसरीवर कंदांच्या पिशव्या दिसल्या, तेव्हा मला वाटलं, पाहुण्यानेही आपला वाटा आणून ठेवलाय. त्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं... पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

"आत्ता खाताय ना, तेच ते," मी म्हणाले.

हसावं की रडावं, त्याला कळेना. नेजात त्याचं नाव. चीदेमची गुणसूत्रं मोजायला अंकाराच्या विद्यापीठातून आला होता. खालच्या उतारावरच्या फुलांची मोजून झाली होती, वरच्या उताराचे कंद माझ्या कढईत गेले. ते नसले तर त्याचं वर्ष फुकट. बस दुसऱ्या दिवशी दुपारची, आणि वरची फुलं सुकलेली. फुलाशिवाय गवतात कंद सापडणार कसे? मी म्हटलं, खडकाच्या सावलीत बर्फ उशिरा वितळतं, तिथे मिळतील.

सकाळी वडिलांनी आत्याला आम्हा दोघांच्या सोबतीला धाडलं. अर्ध्या वाटेत तिचे गुडघे दुखायला लागले आणि ती मोजे विणत दगडावर बसली.

वर फुलं होती — ओली, अर्धी मिटलेली. उकरता उकरता तो सांगत होता, खालच्या चीदेममध्ये गुणसूत्रं आठ, वरच्यांत बहुधा बारा. हजारो वर्षांत तुटत-जुळत आकडा बदलला, रूप मात्र बहिणीबहिणींचं. म्हणून शेजारी राहूनही दोघींत बी धरत नाही.

"म्हणजे सोयरीक जुळत नाही."

"नाही जुळत."

"आणि माणसांत किती असतात?"

"सेहेचाळीस."

"अंकारातल्या माणसांतही?"

"त्यांच्यातही." त्याचे कान लाल झाले होते. चष्म्यावर चिखल उडाला होता, तो पुसायचंही त्याला सुचेना.

"मग तुमची अडचण काय आहे?"

त्याने हातातला कंद माती झाडून पिशवीत ठेवला.

"दुपारी... तुमचे वडील घरी असतात?"

"असतात. पण बस चुकेल."

"चुकू दे," तो म्हणाला.