ट्रक विकणे आहे

मयुरीने ट्रकच्या केबिनमधून उडी मारली ती थेट एका अनोळखी माणसाच्या पुढ्यात. तोही बिचारा दचकून मागे सरला. तिच्या हाताला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि चेहरा असा काही भाबडा झाला होता, की बघणाऱ्याला हमखास संशय यावा.

"कोन तुमी?" तिनेच वरचा सूर लावला.

"मी धीरज. अल्लीपूरवरून आलो... ट्रक पाह्याले. मधुकरकाकांनी दुपारी बलावलं होतं, मी जरा लवकरच आलो."

जरा लवकर! आणखी थोडा लवकर आला असता तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. मयुरीने ओढणीला हात पुसले आणि त्याला अंगणात खुर्ची दिली.

झालं होतं असं. आर्वीच्या मधुकररावांकडे, म्हणजे मयुरीच्या वडिलांकडे, एक जुना ट्रक होता. तो चालवणारे रूपराव म्हातारपणामुळे गावी परतले, तेव्हा मयुरीने हट्टाने मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि गावोगावचं सोयाबीन, कापूस बाजारात आणायला लागली. सुरुवातीला अख्खं मार्केट यार्ड तिच्याकडे वळून वळून पाहायचं, मग सवय झाली. सवय झाली नाही ती फक्त मधुकररावांना. "तुह्यं लगन झाल्यावर याले कोन पाह्यीन?" हा त्यांचा एकच प्रश्न. शेवटी त्यांनी ट्रक विकायला काढला.

मयुरीचा जीव त्या ट्रकमध्ये होता. तो गेला की ती पुन्हा घरात, आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी घरात. मग तिने डोकं लढवलं. जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करायला एक खटका असतो, स्टॉपर म्हणतात त्याला. तो बाहेर ओढलेला असला, की डिझेल इंजिनात जातच नाही, मग किल्ली कितीही फिरवा. आदल्या दिवशी दसरा झाला होता. आईने, आनंदाबाईंनी, ट्रकची पूजा करून झेंडूचे हार घातले होते. त्यातला एक जाडजूड हार मयुरीने स्टॉपर ओढून त्याच्यावर लटकवला. पूजेच्या हाराला कोण हात लावणार? आणि मधुकररावांना बाजारभाव कळायचे, इंजिन नाही. चालू न होणारा ट्रक कुणी घेत नाही. काम फत्ते.

धीरजने किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन मात्र ढिम्म.

"बॅटरी तं मस्त हाये," तो खाली उतरून सायलेन्सरकडे बघत म्हणाला. पुन्हा केबिनमध्ये चढला, तिथे जरा वेळ घुटमळला आणि उतरून म्हणाला, "डिझेलच्या पाइपात हवा पकडली असन. पाना हाये काय?"

पाना मयुरीनेच आणून दिला. त्याने फिल्टरवरचा नट सैल केला. "तुमी हातपंप मारा, मी इकडं पाह्यतो."

ती पंप मारू लागली. नटाशेजारून डिझेल पाझरून त्याच्या बोटांवर आलं. त्यात एकसुद्धा बुडबुडा नव्हता, म्हणजे हवाबिवा काही नव्हती. तरी तो मान वाकवून बघतच राहिला, आणि नाटक उघडं पडू नये म्हणून तिलाही मान वाकवणं भागच होतं.

"तुमाले हे काम येते वाटते?"

"मंग? मीच चालवतो हा ट्रक."

"एकट्याच?"

"नाई, ट्रक राह्यते नं सोबत."

तो हसला. हसताना खाली बघायची त्याची सवय होती. हे लक्षात ठेवण्याचं मयुरीला काही कारण नव्हतं, पण राहिलं.

ट्रक काही चालू झाला नाही. "उद्या नवीन फिल्टर घेऊन येतो," म्हणून धीरज गेला. अल्लीपूर काही आर्वीच्या शेजारचं गाव नव्हे. तरी दुसऱ्या दिवशी तो फिल्टर घेऊन हजर! फिल्टर बदलला, इंजिन ढिम्म. त्यानंतर तो डिझेलचे पाइप साफ करायला आला. मग टाकी बघायला. आनंदाबाई आता त्याला न विचारता तर्री-पोहे देऊ लागल्या होत्या.

"तुमाले घरी काई काम नाई काय?" मयुरीने एकदा विचारलंच.

"हाये नं. पन हा बिघाड सुटून नाई राह्यला... डोक्यात बसला."

"इतका जुना ट्रक. सोडून द्या नं जी."

"सोडाचा काऊन? चांगला हाये." हे म्हणताना तो ट्रककडे बघत नव्हता. मयुरीने पाना उगाच दुसऱ्या हातात घेतला. तो माणूस तिला आवडला होता. ज्याला आपण फसवतोय तोच आवडावा, ही मोठी पंचाईत होती, आणि तिच्याइतक्या हुशार मुलीला त्यातून वाट दिसत नव्हती.

वाट मधुकररावांनीच बंद केली. "बस झालं आता," ते ओसरीवरून म्हणाले. "भंगारवाल्या हेमराजले सांगितलं मी. उद्या येऊन भंगारात तोडून नेते म्हने. इंजिनच मेलं तं ठेवून काय करतं?"

ट्रक चालू केला तर धीरज घेऊन जाणार, नाही केला तर हेमराज तोडणार. स्वतःच खणलेला खड्डा तिला आता पुरता दिसला. ती ट्रकच्या मागे गेली. धीरज तिथे हात पुसत उभा होता.

"एक सांगाचं होतं..." तिने सुरुवात केली. "ट्रकले काईच नाई झालं. मी—"

"स्टॉपर ओढला. ठाऊक हाये मले."

"कधीपासून?"

"पह्यल्याच दिवशी. स्टार्टर फिरून राह्यला न सायलेन्सरातून धूर नाई, म्हंजे डिझेलच जाऊन नाई राह्यलं. मंग हार उचलून पाह्यला."

"मंग फिल्टर काऊन बदलला?"

"नाई तं दुसऱ्या दिवशी कोन्त्या तोंडानं आलो असतो?"

रागवावं की हसावं, तिला कळेना. तिने दोन्ही करून पाहिलं, जमलं नाही. कान मात्र लाल झाले.

"ट्रक पायजे होता मले, खोटं नाई बोलत," तो खाली बघत म्हणाला. "आता नको. तुमचा हाये तो, तुमच्यापाशीच राह्यला पायजे. पन काकाजींले तुमीच सांगा. मी काई बोलनार नाई."

मयुरी केबिनमध्ये चढली, हार बाजूला सारून तिने स्टॉपर आत दाबला आणि किल्ली फिरवली. ट्रक एकदा खोकला... आणि धडधडत चालू झाला. अंगणभर काळा धूर! मधुकरराव कप हातात घेऊन पायऱ्या उतरून आले. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली.

"बाबा, मीच बंद ठेवलता. मले हा ट्रक नाई विकू द्याचा. मलेच चालवाचा हाये, जन्मभर."

मधुकररावांनी हातातला कप पायरीवर ठेवला. मग आवाज न चढवता म्हणाले, "अन् लगन झाल्यावर? सासरचे लोक सुनेले ट्रक चालवू देतीन काय? सांग."

पुन्हा तोच प्रश्न. मयुरीने किल्ली मुठीत धरली. आनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्याकडं देतीन, काकाजी," धीरज म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच घाबरला. मधुकररावांनी त्याच्याकडे पाहिलं, फिल्टरकडे पाहिलं, लेकीच्या लाल कानांकडे पाहिलं. इंजिन कळत नसलं तरी बाकीचं त्यांना कळत होतं.

"तुह्या घरच्यांले घेऊन ये, बसून बोलू," ते शेवटी म्हणाले. मग मयुरीकडे वळले. "पन ट्रक तुह्या नावावर करून देतो. तुह्या म्हंजे तुह्याच. याच्या नाई."

"चालते जी," धीरज घाईने म्हणाला. मग जरा धीर करून त्याने मयुरीला विचारलं, "पन मंग... मी कुठं बसू?"

मयुरीने आधी बापाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाजूले," ती म्हणाली.