गाळात रुतलेलं लोखंड

"ओ, पाय उचला!" ती ओरडली, तेव्हा तो बरोबर तिच्या केबलवर उभा होता.

धक्क्यावर पाऊस भुरभुरत होता. केबलच्या टोकाला तिचा 'मासा' होता — पाण्याखालचं, गाळाखालचं लोखंड हुडकणारं चुंबकीय यंत्र. बंदराचा तळ उपसायचा होता, आणि जुन्या लढाईतला एक न फुटलेला बॉम्ब गाळात रुतलाय अशी बोलवा होती. तिने जागा दाखवायची. केबलवर उभ्या या पाणबुड्याने खाली जाऊन चाचपायची.

"उचलला," तो म्हणाला. "दुसराही उचलू?"

तिला हसायचं नव्हतं. हसली.

मग ते रोजचंच झालं. बोट संथ फिरे, मागे मासा ओढला जाई, पडद्यावरची रेघ उडाली की ती खूण करी. तो बुडी मारी आणि कधी नांगर सापडल्याचं सांगे, कधी साखळी.

"तुमच्या यंत्राला भंगाराची भारी हौस!"

"म्हणून तर तुम्हाला बोटीवर घेतलंय..."

एका सकाळी रेघ उडाली ती खाली येईचना. एवढं मोठं लोखंड म्हणजे बॉम्बच असणार. तिने साहेबांना गाठून दुसरा पाणबुड्या मागितला. गोष्ट त्याच्या कानावर गेलीच.

"माझ्या कामात खोट दिसली?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही खाली असता ना... मला पडद्याकडे बघवत नाही."

"आणि त्या दुसऱ्याची घरी कुणीच वाट बघत नसेल?"

ती खजील झाली. तिने बोट त्याच जागेवरून उभी-आडवी फिरवली, खूण हातभर जागेवर येईपर्यंत.

"इथेच. उजवीकडे अजिबात सरकायचं नाही."

तो गेला. बुडबुडे येत राहिले. मध्येच थांबले... तिने कठडा घट्ट धरला. पुन्हा आले.

वर येऊन त्याने मुखवटा काढला. "बॉम्बच आहे. हात न लावता खुणेचा दोर बांधून आलोय."

पुढचं काम लष्कराच्या पथकाने केलं. दूर समुद्रात नेऊन फोडला. धक्क्यावर फक्त एक दबका धडाम ऐकू आला.

ती सामान बांधत होती. तो शेजारी येऊन उभा राहिला, ओल्या केसांतून हात फिरवत.

"आई विचारतेय — बोलणी करायला तुमच्याकडे कुणाला भेटायचं?"

"काकूला. पण आधी मला विचारायची रीत असते."

"विचारतोच आहे की..."

तिने पेटीची कडी लावली. 'रविवारी या' म्हणायचं होतं, तोंडातून निघालं,

"रविवारी ये."