धूरखोलीतला दांडा

गाडी लेट हाय, मास्तरनं सांगितलं ना? मग बसा गुमान. अन् त्या बिड्या विझवा रे, माझा घसा धरतो. भुताचं इचारलंत म्हणून सांगतो. निम्मं चंद्रभानच्या तोंडून ऐकलेलं, निम्मं ह्या डोळ्यांनी बघितलेलं. हसायचं असल तर आत्ताच हसून घ्या.

चंद्रभान आमच्या पूर्णेच्या तेलगिरणीत वायरमन. मी तिथंच बॉयलरवर. शहात्तर साल, पाडव्याचा आदला दिवस. सकाळी गडी परभणीला निघाला, तारा टांगायचे चिनी मातीचे कप आणायला. काखेत पोत्यात गुंडाळलेलं कायतरी लांबडं.

"हे काय रं?"

"भंगार हाय, तात्या."

भंगार कशाचं! ह्याच्या आधीच्या गड्याचा, बन्सीधरचा दांडा होता तो. पुलावर गाडी आली तशी ह्यानं दारातून पोत्यासकट नदीत भिरकावला.

आता दांडा म्हणजे काय, ते ऐका. आमच्या बॉयलरमंदी सरकीची टरफलं जळायची. धुरानं निम्मं गाव काळं. मग मालकानं इंजिनेर आणून धूरखोली बांधली. आत लोखंडी पत्रे, मधी तारा टांगलेल्या. तारांत जबर वीज सोडली की निळा उजेड फुटायचा अन् धुरातली काजळी पत्र्याला जाऊन चिकटायची. डोक्यावर घासलेल्या कंगव्याला कागदाचा कपटा चिकटतो न्हाई का, तसं. धुराड्यातून नुसती वाफ निघाल्यावाणी दिसायचं. पण ती वीज लय लबाड. बटन बंद केलं तरी तारांत दबा धरून बसती. म्हणून आत जायच्या आधी लाकडी मुठीचा दांडा तारेला अडकवायचा. दांड्याची तांब्याची तार जमिनीत गाडलेली. चट् वाजलं, की वीज मातीत गेली. मग खुशाल आत जावं.

ही खोली बन्सीधर सांभाळायचा. काविळीनं गेला बिचारा. त्याची जागा चंद्रभानला मिळाली, पण नाव काय मिळालं न्हाई. धूर जरा काळा दिसला की जो तो म्हणायचा, बन्सीधर असता तर असं झालं नसतं. चंद्रभान जळायचा रे! जित्या माणसाशी भांडता येतं, मेलेल्याशी कसं भांडणार? त्यात एकदा त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, गच्चीवरल्या कुरडयांची काजळी झटकत म्हणलं, "बन्सीधरभाऊ होते तवा पांढऱ्याफेक वाळायच्या." झालं! पेटला गडी. चार दिवस तिच्याशी बोलला न्हाई. बन्सीधरच्या दांड्याची तार उघडी, काळपट. ह्यानं नवा दांडा केला, तारेवर लालभडक प्लास्टिक चढवलं, नवरीवाणी नटवला. अन् जुना नदीत.

त्याच रातीची गोष्ट. आवस होती. बारा वाजून गेले अन् धुराड्यानं काळं ओकायला सुरवात केली.

मी म्हणलं, "आतली तार तुटली असल. सकाळी बघू."

"सकाळी पाडवा हाय, तात्या. समद्या गुढ्या काळ्या झाल्या की पुन्हा त्याचंच नाव निघणार!"

त्यानं बटन बंद केलं. बटनाची किल्ली करदोड्याला बांधली. जो आत जाईल त्यानं किल्ली अंगावर बाळगायची, अशी रीत. नवा दांडा तारेला अडकवला.

चट् वाजलं न्हाई.

"आरं, आवाज झाला न्हाई..."

"त्याचा दांडा वाजायचा. माझा चांगला हाय, म्हणून वाजत न्हाई."

अन् गेला आत. मी दारात कंदील धरून उभा. उजेड चार हात जायचा. पुढं काळोख.

"तात्या, तुमी आत आलात का?"

"मी हितंच हाय."



"तात्या... माझ्या पुढं कुणीतरी हाय."

मी कंदील उंच धरला. त्याचा हात तारेकडं निघाला होता. वीतभर राहिला होता...

चट्!

निळा उजेड. डोळे दिपले. त्या उजेडात आमाला दोघांलाबी दिसलं. तारेला दांडा अडकवलेला. लाकडी मूठ. काळपट, उघडी तार, खाली मातीपातूर गेलेली.

धरणारा माणूस...

न्हाई.

मग अंधार. अन् त्या अंधारात पाणी ठिबकायलंय. टप्... टप्...

मी चंद्रभानला बखोटीला धरून बाहेर ओढलं. सकाळी नव्या दांड्याचं लाल प्लास्टिक कापलं, तर आत तार तुटलेली. उघडी असती तर पोरालाबी दिसली असती.

म्हणलं, "बन्सीधरनं वाचवलं रे तुला."

चंद्रभान ढसाढसा रडला. मला वाटलं, भ्यायला. तर म्हणतो कसा, "मेल्यावर बी माझ्या आधी आत गेला की हो!" अन् डोळे पुसून हळूच, "मनकर्णाला सांगू नगा."

नदीतला तो जुना दांडा आमी चैताच्या उन्हात ठेवला. लोखंड हाताला चटके द्यायलं. मूठ मातूर ओलीच, कुणी आत्ताच हातातून सोडल्यावाणी.

आता चंद्रभान तो दांडा दुसऱ्या कुणाला शिवू देत न्हाई. रोज फडक्यानं मूठ पुसतो. वाळत न्हाई.