दादाने आवळलेली खुंटी

लोकांना घाबरवणं हा माझा धंदा नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. विजेच्या प्रत्येक खोडीला काहीतरी कारण असतं, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे त्या दुपारी वहिनींचा नवा कॉम्प्युटर जोडायला निघालो, तेव्हा तासाभरात मोकळं होऊ असंच वाटलं होतं.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. दवाखान्यांचे अहवाल घरबसल्या टाइप करायची नोकरी वहिनींना मिळण्यासारखी होती. परीक्षा त्याच दिवशी पाच वाजता, घरूनच, कॅमेऱ्यासमोर, बंद खोलीत एकटीने द्यायची. पुढच्या महिन्यात त्यांना पंचेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती आणि मग अर्जच चालणार नव्हता. संधी ही एवढीच.

सुटे भाग सगळे नवे होते. बाहेरची पेटी मात्र दादाच्या जुन्या कॉम्प्युटरची, हा वहिनींचा हट्ट. वर आणखी एक अट: त्याने स्वतःच्या हाताने आवळलेलं काहीही सैल करायचं नाही. मी मान डोलावली. वहिनींपुढे दादाचंही कधी चाललं नाही, तिथे माझी काय कथा.

त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, म्हणून भर दुपारीही दिवा लावावा लागतो. सगळं जोडून मी बटण दाबलं. पंखे फिरले, तीन सेकंद घुमले आणि थांबले. मग आपोआप पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. मी रॅम काढून नीट बसवली, वायरी तपासल्या, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. तीच गत. आणि पंखे थांबले की दर वेळी वास यायचा, जळक्या वायरचा नव्हे, तेलाचा. कारखान्यातून आल्यावर दादाच्या कपड्यांना यायचा तोच.

"तुम्हालाही येतोय ना..." दारातून वहिनी हळूच म्हणाल्या.

काहीतरी तापलं असेल, अशी मी थाप मारली. ती त्यांना पटली नाही आणि मलाही नाही.

चार वाजून गेले. शेवटचा उपाय म्हणून मी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, वायरी-पंख्यांसकट पेटीतून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि तिथेच चालू केला. पठ्ठ्या पाच मिनिटं बिनतक्रार चालला. म्हणजे खोट त्याच्यात नव्हती, पेटीत होती. मी तो बंद केला. खोली एकदम शांत झाली.

टक्... टक्... टक्...

आवाज रिकाम्या पेटीतून येत होता. तिच्यात ना वायर होती, ना पंखा. आयुष्यभर काळोख्या लिफ्टच्या विहिरीत उतरलेला माणूस मी, पण मी भिंतीपर्यंत मागे सरकलो. वहिनी मात्र आत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि पत्र्यावर तळहात ठेवून तो हळूहळू सरकवत गेल्या. हात एका छोट्या पितळी खुंटीवर आला आणि आवाज थांबला.

"इथे," त्या म्हणाल्या.

मदरबोर्ड अशा खुंट्यांवर टेकवून बसवतात. जुन्या बोर्डाला त्या जागी भोक होतं, नव्याला नव्हतं. उघडं पितळ सरळ बोर्डाच्या पाठीला टेकत होतं आणि सगळं शॉर्ट होत होतं. ही खुंटी मी दोन तासांपूर्वीच पाहिली होती. अटीपायी हात लावला नव्हता. तसं मी वहिनींना सांगूनही टाकलं.

मग त्यांनी माझ्याकडून पक्कड मागून घेतली. "सोडते हं..." म्हणाल्या. ते मला उद्देशून नव्हतं. दादाने आवळलेलं काही कधी सहजासहजी सुटत नसे. ही खुंटी पक्कड लागताच निघाली.

पाचला बारा मिनिटं कमी असताना पडदा उजळला. मी लहान पोरासारखा ओरडलो. वहिनींनी पदर खोचला, आतून कडी लावली आणि मी दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. तासभर आतून टाइप करण्याचा नुसता ताशा वाजत होता.

आठवड्याने निकाल आला. वहिनी सगळ्यांत पहिल्या. नोकरी पक्की. मी त्यांच्या स्वयंपाकघरात चक्क नाचलो. निकालाखाली एक शेरा होता: परीक्षेच्या वेळी आपल्या मागे एक गृहस्थ उभे दिसले, त्यांनी काहीही सुचवलं नाही, म्हणून निकाल कायम ठेवला आहे. सोबत कॅमेऱ्याने टिपलेला फोटो. त्यात चेहरा चौकटीच्या वर राहून गेला होता. वहिनींच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला उजवा हात तेवढा स्वच्छ दिसत होता.

वहिनी रडता रडता हसल्या. "बघा भाऊजी, जन्मात पहिल्यांदा गप्प उभे राहिले."

मीही हसलो. इतक्या महिन्यांनी त्या घरात आनंद आला होता, तो मला मोडायचा नव्हता. डोळ्यांत पाणी असलं की बोटं कोण मोजतो. मी मोजली. उजव्या हाताचं एक बोट दादाने तरुणपणीच यंत्रात गमावलं होतं. फोटोतल्या हाताला पाच आहेत.