शहाण्णवाव्या खळग्यातलं पाणी

देवाशप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. म्हणजे अक्षरं माझी आहेत. गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो, पण ज्या मावशींनी मला सांगितली त्या होत्या. मावशी खोटं बोलत नाहीत, फक्त थोडं वाढवून सांगतात. त्यांनी वाढवलेलं मी काढून टाकलंय आणि त्या जागी माझं घातलंय. बस इथे. दिवा राहू दे चालू.

तर एक ताई होती, वय तेहतीस, पोस्टडॉक. पीएचडी झाली तरी लॅबमध्येच, शिकते म्हणावं तर पगार मिळतो, नोकरी म्हणावी तर नेमणुकीचं पत्र दरवर्षी संपतं. "नक्की करते काय ती?" असं तिच्या सासूबाई चार वर्षं विचारत होत्या. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी ढमी दुसऱ्या शहरात. ताईचं पत्र तीस नोव्हेंबरला संपत होतं. त्याआधी संशोधनाचा पेपर छापायला पाठवला की घराजवळच्या कॉलेजातली कायमची जागा पक्की. नाही पाठवला तर जागा दुसऱ्याला. ढमीने भिंतीवर अकरा रेघा मारल्या होत्या आणि रोज एक खोडून आईला फोन करत होती.

ताईचं काम ऐक, मग पुढची गंमत कळेल. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तीच वीस हजार जीन्स असतात. नख बनवायची जीन डोळ्यातही असते, फक्त तिथे तिचं बटण बंद असतं. म्हणून डोळ्यांना नखं फुटत नाहीत, आणि ते बरंच आहे. कुठली बटणं चालू आहेत ते बघून ताईचा प्रोग्राम चार गोष्टी सांगायचा: माणूस बाई की पुरुष, पेशी कुठली, माणसाचं वय किती, आणि ती काढली तेव्हा वाजले किती होते. कारण काही बटणं सकाळी लागतात, काही संध्याकाळी. प्रोग्रामचं नाव पोपट. पहिली दोन वर्षं त्याने रोज ताईचा पोपट केला म्हणून.

मावशी लॅबच्या टेक्निशियन. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते, त्यातल्या पंच्याण्णव खळग्यांत त्या लोकांचे नमुने भरायच्या. शेवटच्या खळग्यात नुसतं पाणी. त्यात पेशी नसतात, म्हणून पाण्याची नोकरी एकच, गप्प बसायचं. पाणी बोललं तर बाकीच्या पंच्याण्णवांचंही कोणी ऐकत नाही.

त्या दुपारी अडीचला ताई मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसली होती. तिथे मोठे कंप्युटर असतात. पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास, आणि कुठून तरी शिळ्या कॉफीचा. तिने पोपट चालवला. पहिला नमुना बरोबर. दुसरा बरोबर. विसावा बरोबर. पन्नासाव्याला ती खुर्चीवरून उठली, सत्तराव्याला खुर्चीवर उभी राहिली.

"मावशी! अहो मावशी! वय चार महिन्यांच्या आत, वेळ दहा मिनिटांच्या आत!"

"खाली उतर आधी. त्या खुर्चीला चाकं आहेत."

मग शहाण्णवावा आला. पाणी. पोपट म्हणाला: माणूस, पुरुष. वय एक्केचाळीस. पेशी त्वचेची. वेळ दोन चाळीस.

ताईने हातातलं घड्याळ बघितलं. दोन चाळीस.

"मावशी, पाण्यात बोट घातलंत?"

"माझं बोट एक्केचाळीस वर्षांच्या पुरुषाचं आहे का?"

मुद्दा बिनतोड होता. ताईने पोपट पुन्हा चालवला. आकडे तेच, प्रोग्राम तोच. उत्तर आलं, दोन त्रेचाळीस. पंच्याण्णव नमुन्यांच्या वेळा जागच्या हलल्या नव्हत्या. फक्त पाण्याचं घड्याळ पुढे सरकत होतं.

कुठलाही शहाणा माणूस इथे घरी गेला असता. ताई शहाणी नव्हती, संशोधक होती. तिच्या अंगावर काटा आला, आणि काटा आणणाऱ्या जीनचं नाव आठवून ती खूशही झाली. पाण्यात कुठली बटणं चालू आहेत ती यादी बघायला तिने फाईलवर घाईघाईत डबल क्लिक केलं.

ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक. डबल क्लिक केलं की फाईल हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडते, आणि त्या तक्त्याला अक्कल फार. काही जीन्सची जुनी नावं मार्च-एक, सेप्ट-दोन अशी होती. तक्ता त्यांची परस्पर एक मार्च आणि दोन सप्टेंबर करून टाकायचा. शेवटी जगाने तक्त्यापुढे हात टेकले आणि जीन्सचीच नावं बदलली. या लॅबची यादी मात्र जुनीच होती.

ताई मनाशी हसत एकेक तारीख दुरुस्त करायला लागली. एक मार्च, म्हणजे मार्च-एक. नऊ सप्टेंबर, म्हणजे सेप्ट-नऊ. एकोणीस ऑगस्ट, म्हणजे…

म्हणजे काहीच नाही. ऑगस्ट नावाची जीनच नाही. माणसात नाही, माकडात नाही, कोबीतही नाही. तिने मूळ फाईल साध्या अक्षरांत उघडली. तिथेही तेच. ऑगस्ट-एकोणीस. बटण चालू.

ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम लॅबच्या प्रमुख, आवाज चढा. तारीख ऐकून तो एकदम उतरला.

"दार लाव… तुझ्या खुर्चीवर आधी एक जण बसायचा. अकरा वर्षं पोस्टडॉक. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. होता एक्केचाळीसचा."

"मग कुठे गेले?"

"पेपर तयार होता गं त्याचा. पण रोज प्रोग्राम परत चालवायला लावायचा आणि म्हणायचा, अजून एक रन. बायको न्यायला आली तरी तेच. एके दिवशी खुर्ची रिकामी. कंप्युटर चालू… कॉफी गरम."

"आणि एकोणीस ऑगस्ट?"

"त्याच्या पत्रावरची शेवटची तारीख." मॅडमनी दार नीट लागलंय ना ते बघून घेतलं. "तू पंच्याण्णव नमुने घे, पेपर पाठव आणि घरी जा. पाण्याबद्दल मी विचारणार नाही."

एवढ्या मोठ्या प्राध्यापिकेने 'मी विचारणार नाही' म्हणावं, यातच ताईने घाबरायला हवं होतं. तिला मात्र रात्रभर उत्साहाने झोप लागली नाही. मेलेल्या पेशीचं घड्याळ बंद पडतं, हे चालू होतं! आणि हे कोणालाच माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तिने मावशींना पाण्याची नवी सीलबंद बाटली फोडायला लावली. पोपट म्हणाला: तोच माणूस. पेशी रक्ताची.

तिसऱ्या दिवशी फुप्फुस.

"हप्त्याहप्त्याने येतोय मेला," मावशी म्हणाल्या.

"हळू बोला, मावशी."

"का? ऐकतोय का तो?"

चौथ्या दिवशी कान आला. तेव्हापासून दोघी चिठ्ठ्या लिहून बोलायला लागल्या.

ताई उड्या मारायची फक्त बाकी होती. भिंतीवर तिने माणसाची आकृती काढली होती, आलेला अवयव रंगवायची. पेपर तयार होऊन पडला होता, एक बटण दाबायचा अवकाश. ढमीचा फोन रोज दुपारी यायचा.

"आई, चार रेघा राहिल्या."

"हो गं राणी. आज यकृत आलं."

"कोणाकडे?"

तीस नोव्हेंबरला दुपारी आकृतीत एकच जागा कोरी होती. ताईने पोपट चालवला. मावशी दाराशी उभ्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, दोन्ही पायांची सोय बघून. पडद्यावर आलं: पेशी घशाची. वेळ तीन सतरा.

तीन सतराला खोलीतले सगळे पंखे एकदम थांबले.

इतकी शांतता त्या खोलीने कधी ऐकली नव्हती. शिळ्या कॉफीचा वास हळूहळू ताजा होत गेला. मग ताईच्या खुर्चीच्या मागे, अगदी जवळ… कोणी तरी खाकरलं. फार वर्षं न बोललेल्या माणसासारखं.

"अजून…"

मावशींनी चौकट घट्ट धरली.

"अजून… एक… रन."

ताई हळूच वळली. मावशी सांगतात, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लहान मुलाला जत्रेत नेल्यावर जसे डोळे होतात तसे तिचे झाले होते.

"हो!" ताई म्हणाली. "हो, हो! मलाही तेच वाटत होतं!"

पंखे सुरू झाले. फोन वाजत होता. पेपरचं बटण तसंच राहिलं.

संध्याकाळी ऑफिसातून पाकीट आलं. मुदत वाढवून दिली होती. मॅडम म्हणाल्या, मी सही केलेली नाही. सही मात्र त्यांचीच होती. ताईने आनंदाने फोन उचलला.

"ढमे, आज नाही जमत गं, पण तारीख पक्की झाली! एकोणीस ऑगस्टला मी घरी."

ढमीने थोडा विचार केला. लेक कोणाची! "कुठल्या वर्षीच्या?"

ताईने पत्र उलटं केलं, सुलटं केलं, दिव्यासमोर धरलं.

"अगं, ते लिहायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली. पण मावशी सांगतात, ते बोलायच्या आधी ती खाकरली. जुनं, पुरुषी, आणि तिच्या वयापेक्षा नेमकं आठ वर्षांनी मोठं.

झाली गोष्ट. ढमी आता गाडी चालवायला शिकतेय. तू सकाळी मागच्या खोलीत गेला होतास तेव्हा कॉफी पिणाऱ्या एक बाई भेटल्या ना? त्यांना सगळे आजी म्हणतात. मावशींनी गेली तीन वर्षं त्या खोलीत कोणालाच बघितलेलं नाही, पण मावशींचा चष्मा जुना आहे.

चल, आता गोष्टीचं दे. पैसे नकोत रे. ही नळी घे आणि त्या रेघेपर्यंत थुंक. नव्या पोस्टडॉकला पहिल्याच दिवशी घाबरवायची मला हौस नाही, पण शेवटच्या खळग्यात पाणी घालायची पद्धत आता बंद झालीय, आणि तो रिकामाही ठेवता येत नाही. थुंक. आणि तुला मिळालेलं ते पत्र काढ जरा खिशातून. तारीख नको वाचूस, ती मला माहीत आहे.

वर्ष सांग.