शेजारच्या सीटवरचा

मैत्रिणीने एका प्रयोगासाठी नाव दिलं आणि ऐन वेळी दांडी मारली, म्हणून त्या खुर्चीत मी बसले. विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. समोर तीन पडदे, खरं स्टिअरिंग, खरे ब्रेक आणि पडद्यावर धावणारा खोटा रस्ता. विद्यार्थी गाडी कशी चालवतात, याचा अभ्यास म्हणे. शेजारच्या सीटवर संशोधक महाशय — उंच, चष्मेवाले आणि अखंड बोलणारे.

"गाडी येते ना?"

"घरात बाबांच्या खालोखाल माझाच हात बसलाय."

"मग घाबरायला नको," तो हसला. "घरी शेंडेफळ का?"

"कशावरून?"

"गाडीपेक्षा तोंड जोरात चालतं."

राग यायला हवा होता... तेवढ्यात तोच हळूच म्हणाला, "रागावलात की तुमचा डावाच गाल फुगतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच —

धप्प.

पडद्यावर एक बाई आडवी पडली होती. पिशवीतली संत्री रस्ताभर. माझा पाय ब्रेकपर्यंत पोचलाच नव्हता. खोटा रस्ता, खोटी बाई... पण स्टिअरिंगवरचे हात मी झटकन मागे घेतले. रोज आईला ऑफिसला मीच सोडते. याच हातांनी.

"पाणी घ्या," तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "चालकाला बोलण्यात गुंतवायचं, हेच माझं काम असतं."

हा धक्का आधीच्यापेक्षा जोरात बसला. "म्हणजे... सगळं ठरलेलं? गालाचंही?"

"शेंडेफळापर्यंत ठरलेलं. ते सगळ्यांनाच विचारतो." तो खाली बघत राहिला. "गालाचं... निसटलं. त्यामुळे तुमची चाचणी बाद. माझ्या गाईड मॅडमना कारण सांगावं लागेल."

"काय सांगाल?"

"खरं तेच. मी रस्ता सोडून तुमच्याकडे बघत होतो."

मी कंबर कसून भांडायला निघाले होते; त्याऐवजी त्याच्या हातातला ग्लास घेऊन पाणी एका दमात संपवलं.

गाडी घरी न्यायची होती आणि एकटीने चालवायची हिंमत होईना. "सोबत येता?" मीच विचारलं. "पण वाटेत चकार शब्द नाही."

तो आला. मुकाट्याने पट्टा लावला. दोनदा त्याने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, हे मला नुसतं जाणवलं... मी बघितलं नाही. बघावंसं मात्र फार वाटलं.

घरासमोर गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि मग त्याच्याकडे वळले.

"हं," मी म्हणाले, "बोल आता."