अश्विनच्या टेम्पोचं पाणी

तीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात रुपरावांनी पंप आणि इंजिनं उघडली, जोडली. इंजिन तापतं म्हणजे पाणी कमी, तेल कमी, नाहीतर हवा कमी. चौथं कारण नसतं, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि अंगणात उभ्या असलेल्या या एवढ्याशा डिझेल टेम्पोनं त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

टेम्पो अश्विनचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा. गेल्या मे महिन्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भरून तो मौद्याला निघाला आणि वाटेत इंजिन तापलं. "बाबा, गाडीचं पाणी संपलं. समोरच्या वावरातून घेऊन येतो," एवढं तो फोनवर बोलला. टेम्पो सापडला, इंजिनाचं झाकण उघडं. अश्विन सापडला नाही. विहिरी धुंडाळल्या, कालवा पाहिला, पोलिसांनी हरवल्याची नोंद केली. त्याला अकरा महिने झाले. रुपरावांनी मात्र एकच धरून ठेवलं होतं: पोरगा पाणी आणायला गेलाय, येईल, आला की गाडी तयार पाहिजे.

ती तयार होईल तर ना! रेडिएटर तोंडापर्यंत भरावा, तर अर्ध्या तासात काटा लाल रेघेवर आणि पाणी तळाला. नळ्या बदलल्या, टोपी नवी आणली. रेडिएटर काढून त्यात हवा भरली, टाक्यात बुडवला. एक बुडबुडा निघेल तर शपथ. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्याचं, गॅस्केट गेलं म्हणावं, तर तेल दुधाळ व्हायला हवं, धूर पांढरा यायला हवा. दोन्ही स्वच्छ. मग घोडं पेंड कुठं खात होतं?

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या भैय्याजीनं येऊन पाहिलं. "रुपरावजी, हे इंजिन नाही जी, उंट हाय उंट! भंगारात देऊन टाका."

"अश्विनची गाडी हाय," रुपराव म्हणाले. भैय्याजी ओशाळून निघून गेला.

मग एक दिवस त्यांनी इंजिन चालवलंच नाही. पाणी भरलं, टोपी तारेनं बांधली, तारेच्या गाठीवर लाल रंगाचा ठिपका दिला. दुपारी पाहतात तर ठिपका जसाच्या तसा आणि आत ठणठणीत कोरडं. हेडवर हात ठेवला तर चटका बसला. गाडी सावलीत होती, किल्ली त्यांच्या खिशात होती. ऊन फार आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे सांगतानाच कळलं. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. आत जाताना घटघट आवाज झाला.

बायकोला, वच्छलाबाईंना, त्यांनी हे सांगितलं नाही. पण बाई दिवसभर त्याच अंगणात वावरत. त्यांना दिसायचं ते दिसलं होतं.

घरातलं माणूस गेलं की पहिल्या अक्षय्य तृतीयेला त्याच्या नावानं घागर भरायची. त्या सकाळी वच्छलाबाईंनी नवी घागर धुऊन पाटावर ठेवली.

"काहून वं?" रुपराव ओरडले. "जित्या पोराची घागर भरून राहिली? हात नाही कापत तुया?"

"कापते ना जी," बाई म्हणाल्या. "पण तो तहानेला हाय. अकरा महिने तुमी पाजून राहिले, त्याची तहान नाही भागून राहिली. मले एकदा देऊन पाहू द्या."

"येईन तो!"

"येऊ द्या. मले काय नको हाय?"

रुपराव दारात उभे राहिले. अडवावं असं फार वाटलं, पण अडवलं नाही. आत पाणी पडल्याचा आवाज झाला. मग मुलाचं नाव घेतलेलं ऐकू आलं.

बाराच्या सुमारास त्यांनी टेम्पो सुरू केला.

अर्धा तास झाला. काटा हलला नाही. तास झाला. पाणी तोंडापर्यंत होतं.

इंजिन दुरुस्त झालं होतं. घागरीचं पाणी पोचलं होतं.

रुपरावांनी इंजिन बंद केलं. पाना घेऊन खालचं बूच काढलं, सगळं पाणी मातीत जाऊ दिलं. पंख्याचा पट्टा कापून टाकला. किल्ली फिरवली. बिनपाण्याचं इंजिन दहा मिनिटांत जाम होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ताप ना गा," ते म्हणाले. "एकदा तरी ताप, पोरा."

वीस मिनिटं झाली. इंजिन एका लयीत चालत होतं.

चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात त्यांनी हेडवर तळहात टेकवला. गार लागलं. लोखंडावर बारीक थेंब जमले होते, ताप उतरताना लेकराच्या कपाळावर येतात तसे. त्यांनी पुसले. पुन्हा आले.

वच्छलाबाई बाहेर येऊन शेजारी बसल्या. त्यांनी पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि हलक्या हातानं ते कपाळ पुसू लागल्या.